काणी, मर आणि चिकटा : प्रा. आजरेकर ह्यांचे कार्य

व्याख्यानमालांतून संतांची, योद्ध्यांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो, आणि ती ऐकावीतही. परंतु आज आम्ही ज्या मनुष्याविषयी बोलणार आहोत तो ह्यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. एल. आजरेकर ह्यांनी आपली बुद्धी बुरशीसारख्या क्षुद्र वस्तूकडे वळवली. शिळ्या भाकरीवर चढते, लोणच्यावर पांढरी साय धरते, पावसाळ्यात चामड्याच्या जोड्यावर उगवते, तीच ही बुरशी. असल्या वस्तूच्या अभ्यासात आयुष्य वेचावे असे त्यात काय आहे, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच ह्या व्याख्यानाचा उद्देश होय.

उत्तर शोधायला लांब जावयास नको. आपला बीड जिल्हाच घ्या. बालाघाटाच्या माथ्यावर बाजरी, गोदाकाठच्या काळ्या रानात कापूस आणि तूर, माजलगावच्या कालव्याखाली ऊस, आणि हिवाळ्यात सर्वत्र शाळू. आपण शहरात राहतो, पण मोंढ्यातला व्यापार, दुकानातली उधारी, शाळेतली फी आणि घरातले लग्न, सारे ह्या चार-पाच पिकांवर टेकलेले आहे. पाऊस पडला नाही तर काय होते हे ह्या जिल्ह्यात कोणी कोणास शिकवण्याची गरज नाही. परंतु पाऊस चांगला पडला, पीक कमरेइतके वाढले, आणि तरीही कणसात दाण्याच्या जागी काळी पूड निघाली, तर तो दोष कोणाचा? नक्षत्राचा, नजरेचा, की जमिनीचा? शेकडो वर्षे ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. ज्यांनी ते शोधले त्यांच्यापैकी आजरेकर एक होत.

बुरशी म्हणजे काय?

प्रथम बुरशीची ओळख करून घेऊ. झाडाच्या पानात हिरवे द्रव्य असते. त्याच्या बळावर झाड सूर्यप्रकाशात आपले अन्न आपण शिजवते. बुरशीत हे हिरवे द्रव्य नाही, म्हणून तिला दुसऱ्याच्या घरी जेवावे लागते. काही बुरशी मेलेल्या वस्तूंवर जगतात. पालापाचोळा, शेण आणि लाकूड कुजवून त्याची माती करतात. त्या नसत्या तर पृथ्वीवर पाचोळ्याचे डोंगर साचले असते. काही मात्र जिवंत पिकावरच हात मारतात. बुरशीचे शरीर म्हणजे कोळ्याच्या धाग्याहून बारीक तंतूंचे जाळे. तिला फूल नाही, बी नाही. बियाचे काम बीजाणू करतात. हे बीजाणू इतके सूक्ष्म की काणीच्या एका कणसातून ते कोट्यवधींनी उडतात, आणि आपल्या डोळ्यांस केवळ काळा धूर दिसतो.

आजच्या शास्त्रात बुरशींना वनस्पतींपासून वेगळे काढून त्यांची एक स्वतंत्र सृष्टी मानलेली आहे. आजरेकरांच्या काळी मात्र त्यांचा अभ्यास वनस्पतिशास्त्राच्याच शाखेत होत असे, म्हणून बुरशींचा अभ्यासक हा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनच ओळखला जाई.

बुरशीमुळे पिकाला रोग होतो, हे आज आपल्याला सहज पटते. पण युरोपातल्या विद्वानांनासुद्धा ते सहज पटलेले नव्हते. पीक आधी बिघडते आणि मग त्यावर बुरशी येते, जसे लाकूड आधी कुजते आणि मग त्यावर भूछत्र उगवते, असा सर्वांचा समज होता. १८०७ साली प्रेव्हो नावाच्या संशोधकाने गव्हाच्या काणीचे बीजाणू पाण्यात रुजताना पाहिले आणि ह्या रोगाचे कारण हेच, असे सांगितले. मोरचूदाच्या अंशाने ते रुजत नाहीत, हेही त्याने दाखवले. त्याचे म्हणणे बहुतेकांनी कानावेगळे केले. पुढे १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. त्या देशातील गरिबांचे सारे अन्न बटाट्यावर अवलंबून होते. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. हा करपा बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळे पडतो, हे जर्मन शास्त्रज्ञ डी बारी ह्याने १८६१ साली प्रयोगाने सिद्ध केले. तेव्हापासून ह्या शास्त्राचा पाया पक्का झाला.

पुसा येथील आरंभ

हे शास्त्र हिंदुस्थानात आणणारा मनुष्यही आयर्लंडचाच होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एडविन जॉन बटलर हा १८७४ साली त्या देशाच्या क्लेअर परगण्यात जन्मला. शिक्षणाने तो वैद्य, पण त्याचे मन बुरशींत रमले. १९०१ साली तो हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत आला, आणि १९०५ साली बिहारातील पुसा येथे शेतकी संशोधन संस्था निघाल्यावर तेथे काम करू लागला. आपल्या तुरीची मर जमिनीतील एका बुरशीमुळे होते, हे त्याने १९१० साली प्रसिद्ध केले. १९१८ साली त्याचा बुरशी आणि पिकांचे रोग ह्यांवरील मोठा ग्रंथ निघाला. १९२० साली तो विलायतेला परतला आणि क्यू येथील बुरशीविषयक संस्थेचा प्रमुख झाला.

बटलर परत गेला, पण तोपर्यंत ह्या देशातील माणसे त्या कामात तयार होऊ लागली होती. आपल्या मराठी मुलखात आणि शेजारच्या कर्नाटकात आजरेकर, जी. एस. कुलकर्णी, बा. भ. मुंडकर, मनोहर कामत ही नावे त्या पहिल्या-दुसऱ्या पिढीची. त्यांत आजरेकर हे अगदी आरंभीचे. पिकांच्या रोगांचे शास्त्र पद्धतशीर रीतीने हाती घेणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

शास्त्रज्ञाचे चरित्र त्याच्या पगारात किंवा पदव्यांत शोधू नये. ते त्याने कोणते प्रश्न निवडले ह्यात शोधावे. आजरेकरांनी तीन मोठे प्रश्न हाती घेतले : उसाची काणी, कापसाची मर आणि ज्वारीचा चिकटा. ही तीन पिके पाहिली तर हा मनुष्य कोणासाठी काम करीत होता हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि ह्या तीन रोगांकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. घराला जशी दारे असतात तशी पिकालाही दारे असतात, आणि ह्या तीन रोगांनी तीन निरनिराळ्या दारांतून आत प्रवेश केलेला आहे. चोर कोणत्या दाराने येतो हे कळले की कडी कोठे लावावी हे कळते. आजरेकरांच्या कामाचे सारे मर्म ह्या एका वाक्यात आहे.

पहिले दार : बेणे

उसाच्या काणीवरचा त्यांचा लेख १९१६ सालचा. रोग उसात कसा शिरतो आणि तो कसा टाळावा, असे दोन प्रश्न त्यांनी एकत्रच घेतले होते.

ही काणी ज्याने एकदा पाहिली तो विसरत नाही. उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा एक लांब, वाकडा, काळा दांडा बाहेर पडतो. म्हणून हिला चाबूक काणी म्हणतात. प्रथम त्यावर चांदीसारखे पातळ आवरण असते. ते फाटले की आतली काळी भुकटी वाऱ्यावर उडते. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे ह्याच दिवसांत, हे चाबूक पुष्कळ दिसतात. रोगट उसाची वाढ खुंटते, गवतासारखे बारीक फुटवे येतात, आणि रस व साखर दोन्ही घटतात.

शेतकऱ्याला वाटते, रोग आज आला. वस्तुतः तो लागणीच्या दिवशीच आलेला असतो. ऊस बियांपासून लावत नाहीत, कांड्यांपासून लावतात. त्या बेण्याच्या डोळ्यात बुरशीचा तंतू लपलेला असतो. ऊस वाढतो तसा तोही आतल्या आत शेंड्याबरोबर वर चढतो, आणि वेळ येताच चाबूक होऊन बाहेर पडतो. उडालेले बीजाणू शेजारच्या उभ्या उसाच्या डोळ्यांवर जाऊन बसतात, आणि तो ऊस पुढच्या वर्षी बेणे म्हणून वापरला की चक्र पुन्हा सुरू होते. खोडव्यात हा रोग अधिक बळावतो, कारण जुन्याच बुडख्यांतून नवा फुटवा येतो आणि बुरशीला नवे घर शोधावे लागत नाही.

एवढे समजले की उपाय आपोआप सुचतात. बेणे निरोगी मळ्यातून घ्यावे. शंका असेल तर बेणे गरम पाण्यात ठेवावे. सुमारे ५० अंश सेल्सिअसचे पाणी दोन तास दिले तर ऊस जगतो आणि आतली बुरशी मरते. चाबूक दिसताच तो पिशवीत झाकून मग कापावा आणि सबंध बेट उपटून जाळावे, उघडा कापला तर आपणच भुकटी पेरतो. आणि काणी पडलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये.

आपल्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्या उसावर त्यांची सहा महिन्यांची कमाई ठरते तो निरोगी आहे की नाही, हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाही. उक्ते टनावर असते, आणि काणीने बारीक झालेल्या उसात टन भरत नाही. एकेकाळी महाराष्ट्रभर पसरलेली को ७४० ही जात गुणाने चांगली, पण काणीला लवकर बळी पडणारी होती. नवी जात निवडताना काणीला ती किती टिकते हे आज आधी तपासले जाते. ह्या बुरशीचा पल्लाही थोडा नाही. १८७७ साली ती दक्षिण आफ्रिकेत नाताळ येथे नोंदली गेली. ऑस्ट्रेलियाने तिला शंभराहून अधिक वर्षे दूर ठेवले, तरी १९९८ साली ती त्या खंडाच्या पश्चिमेला आणि २००६ साली तेथील मुख्य ऊसक्षेत्रात, क्वीन्सलँडमध्ये पोहोचलीच.

दुसरे दार : माती

आजरेकरांचा दुसरा प्रश्न कापसाच्या मरीचा. मध्य प्रांतातील ह्या रोगाची निरीक्षणे त्यांनी डी. व्ही. बाळ ह्यांच्यासह १९२१ साली प्रसिद्ध केली. तेव्हाचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड म्हणजे कापसाचे आगर. तेथे देशी कापूस मरू लागला म्हणजे सावकारापासून गिरणीपर्यंत सर्वांना झळ बसे.

मर मोठी फसवी. जमिनीत ओल आहे, आकाश निवळ आहे, आणि तरी झाड तहानेने मान टाकते. पाने पिवळी पडतात, गळतात, आणि भर शेतात गोल चकदळी पडत जातात. असे झाड उपटून त्याचे खोड उभे चिरले तर आतल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. मुळाकडून पाण्याची ने-आण करणाऱ्या ज्या बारीक नळ्या, त्यांतच बुरशी शिरून बसलेली असते. घरात नळ आहे, हौदात पाणी आहे, पण नळीत गाळ अडकला, अशी त्या झाडाची अवस्था होते.

परंतु खोडात बुरशी सापडली म्हणजे तिनेच झाड मारले, हे सिद्ध होत नाही. चोरीच्या ठिकाणी सापडलेला प्रत्येक मनुष्य चोर नसतो. म्हणून ह्या शास्त्रात चार पायऱ्यांचा पुरावा मागतात. रोगट झाडात ती बुरशी दरवेळी सापडली पाहिजे. ती तेथून काढून, इतर सर्व जीवांपासून वेगळी करून, बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेल्या आगरावर निर्भेळ वाढवता आली पाहिजे. ती निरोगी झाडाला लावली असता तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या नव्या रोगी झाडातून पुन्हा तीच बुरशी मिळाली पाहिजे. आमच्या भगिनी रोज दूध विरजतात. विरजण चांगले तर दही चांगले, आणि विरजणात भलतेच काही शिरले तर दही नासते. बुरशी निर्भेळ वाढवणे हे असेच विरजणाचे काम आहे. फरक इतकाच की येथे हवेतला एक कण आत पडला तरी महिनाभराचा प्रयोग फुकट जातो. वातानुकूलित खोल्या नसलेल्या काळात, धुळीच्या आणि पावसाच्या दिवसांत हे काम किती चिकाटीचे असेल, ह्याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

मरीची बुरशी मातीत वर्षानुवर्षे तग धरते, आणि सबंध रानाच्या मातीला औषध पाजता येत नाही. मग कडी कोठे लावायची? मेलेल्या शेकडो झाडांमध्ये जे एखादे झाड ताठ उभे राहते त्याच्याकडे संशोधकांनी पाहिले. त्याचे बी घ्यावे, मुद्दाम रोगट केलेल्या वाफ्यात पेरावे, पुन्हा जी झाडे वाचतील त्यांचे बी घ्यावे, असे पिढ्यानपिढ्या करीत गेले की मर न लागणारी जात हाती येते. खानदेशातून पुढे आलेला जरीला कापूस हा अशाच निवडीचा होता. आज आपल्याकडे बहुतेक कापूस अमेरिकन वंशाचा आहे आणि भारतातील मरीची बुरशी त्याला सहसा बाधत नाही. म्हणून तरुण शेतकऱ्याला कापसाची जुनी मर ओळखीची नसेल. तुरीची मर मात्र त्याला चांगली ठाऊक असते, आणि तिच्यावर उपाय म्हणून जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने बी.एस.एम.आर. ७३६ सारखे वाण दिले, तेही ह्याच रोगट वाफ्याच्या पद्धतीने पारखून.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. उघाडीनंतर एकदम मोठा पाऊस झाला की संकरित कापसाची झाडे कधी कधी एका दिवसात मान टाकतात. हिला आकस्मिक मर म्हणतात, आणि तिचा बुरशीशी संबंध नाही. तो झाडाच्या पाणीव्यवहारातला बिघाड आहे. दुकानदाराने बुरशीनाशकाची बाटली पुढे केली तरी आधी खोड चिरून पाहावे. आत काळ्या रेघा नसतील तर तो खर्च वायाच जाण्याचा संभव अधिक. आजरेकरांसारख्यांनी शिकवलेली ही पाहण्याची सवय आजही पैसे वाचवते.

तिसरे दार : फूल

तिसरा प्रश्न आपल्या भाकरीचा. १९२६ साली भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आजरेकरांनी ज्वारीच्या एका रोगावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ह्या रोगात फुलोऱ्यावर आलेल्या कणसातून मधासारखे गोड, चिकट थेंब गळतात. पाने चिकट होतात, मुंग्या-माश्या जमतात, आणि पुढे त्या चिकट रसावर काळी बुरशी वाढून कणीस काजळल्यासारखे दिसते. चिकटा हा शब्द आपण माव्याच्या चिकट रसालाही वापरतो, पण तो रस पानावरच्या किड्यांचा. हा मात्र कणसातल्या फुलाचा.

त्या थेंबात बुरशीचे असंख्य बीजाणू असतात. फुलातले बीजकोश, ज्याचा पुढे दाणा व्हायचा, त्यातच बुरशी शिरते आणि दाण्याऐवजी पांढरट मऊ गाठ होते. येथील दार मोठे चमत्कारिक आहे. ते फूल उमलल्यापासून परागकण मिळून फळ धरेपर्यंत उघडे असते, आणि एकदा फळ धरले की बुरशीला ते बंद होते. जणू पराग आणि बुरशी ह्यांची शर्यत लागलेली असते. ऊन असेल, वारा असेल, पराग भरपूर असेल, तर पराग जिंकतो. ढगाळ हवा, झिमझिम पाऊस आणि थंड रात्री आल्या की परागाला उशीर होतो आणि बुरशी जिंकते.

आजरेकरांच्या काळी हा रोग कुतूहलाचा विषय होता. १९६४ साली संकरित ज्वारी आली आणि चित्र पालटले. संकरित बी तयार करताना एका ओळीतली झाडे मुद्दाम पराग नसलेली घ्यावी लागतात. त्यांना शेजारच्या ओळीतला पराग मिळायला थोडा जरी उशीर झाला तरी बुरशीला मोकळे रान मिळते, त्यामुळे बीजोत्पादनाच्या शेतांवर हा रोग संकट होऊन बसला. ह्या बुरशीची पूर्ण अवस्था पाहून तिला रीतसर नाव देण्याचे काम तर १९७६ साली कर्नाटकातील संशोधकांनी केले. म्हणजे आजरेकरांच्या लेखानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. पुढे १९९५ साली हाच रोग, तिच्या आफ्रिकी बहिणीच्या रूपाने, ब्राझीलमध्ये पोहोचला, १९९६ साली ऑस्ट्रेलियात आणि १९९७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात. तेव्हा त्या श्रीमंत देशांतील शास्त्रज्ञांना आफ्रिका आणि हिंदुस्थान येथील जुनी निरीक्षणे धुंडाळावी लागली.

ह्याच कुळातली एक बुरशी बाजरीवर येते. तिला अरगट म्हणतात. तिच्या काळपट कठीण गाठी दाण्यांत मिसळून घरात येतात, आणि त्या विषारी असतात. १९५० च्या दशकात मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन अनेकांना मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी आल्याची साथ नोंदलेली आहे. उपाय मात्र कोणत्याही घरात होण्यासारखा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावे आणि पेरणीचे बी त्यात ओतून ढवळावे. हलक्या गाठी वर तरंगतात, त्या काढून जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात. खाली बसलेले चांगले बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. खाण्याच्या बाजरीत काळ्या गाठी दिसल्या तर ती निवडल्याखेरीज दळू नये, गुरांनाही घालू नये.

चौथे दार आणि सहकारी

एक दार राहिले, ते बियाचे. ते दाखवण्याचे श्रेय जी. एस. कुलकर्णी ह्यांना दिले पाहिजे. १९१८ साली त्यांची मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काणीवरील पुस्तिका पुसा येथून निघाली. काणी एक नसून चार आहेत : दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी. त्यांत सर्वांत नुकसान करणारी दाणे काणी खळ्यावर पसरते. मळणीत काणीचे दाणे फुटतात, काळी भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते, आणि पुढल्या पेरणीत बियाबरोबर रुजून कोंब जमिनीबाहेर येण्यापूर्वीच त्यात शिरते. कणीस निसवेपर्यंत शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून कडी लावायची ती पेरणीआधी. पूर्वी बी मोरचूदाच्या पाण्यात भिजवीत, नंतर बारीक गंधकाची भुकटी चोळण्याची रीत आली. एका किलो बियास ३०० मेशचे चार ग्रॅम गंधक पुरते. चार ग्रॅमच्या खर्चात सबंध पीक वाचते, इतके स्वस्त शास्त्र दुसरे आमच्या पाहण्यात नाही.

मुंडकरांनी धारवाडकडे कुलकर्ण्यांबरोबर कापसाच्या मरीवर काम केले, पुढे दिल्लीच्या संस्थेत गेले, आणि १९४७ साली भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. हिंदुस्थानातील काणी बुरशींवर त्यांनी तिरुमलाचार ह्यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली मुंडकर वारले. तिरुमलाचार पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात आले, आणि माणसाला होणाऱ्या बुरशीच्या रोगांवर हॅमायसिन नावाचे औषध त्यांनी तेथे शोधून काढले. पिकावरची बुरशी ओळखता ओळखता माणसाच्या औषधापर्यंत ही वाट जाते.

कागदाच्या पुडीतले स्मारक

आता आजरेकरांच्या स्मारकाविषयी. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिचे संस्थापक-संचालक प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथे बुरशीविभाग उभारला तो मनोहर कामत ह्यांनी. त्या विभागातील वाळवलेल्या बुरशींच्या संग्रहाला आजरेकरांचे नाव दिलेले आहे, आणि ए.एम.एच. ह्या अक्षरांनी तो जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. कामतांनी एका सहकाऱ्यासह १९६४ साली बुरशीच्या एका नव्या वंशालाही आजरेकरेला असे नाव दिले. पुढे कामतांचे नावही दोन-तीन वंशांना मिळाले. शास्त्रज्ञांची गुरुपरंपरा ही अशी चालते.

हा संग्रह पाहायला गेलेल्या माणसाची कदाचित निराशा होईल. तेथे काचेच्या पेटीत झगमगणारे काही नाही. कपाटे आहेत, कपाटांत कागदाच्या पुड्या आहेत, आणि पुडीत एखादे वाळलेले, डागाळलेले पान. वर चिठ्ठी : झाड कोणते, गाव कोणते, तारीख कोणती, गोळा कोणी केले. पण जगात एखाद्या बुरशीला नवे नाव दिले जाते तेव्हा तिचा मूळ नमुना अशाच एखाद्या पुडीत ठेवतात, आणि पुढे कधीही वाद निघाला तर तीच पुडी उघडून निकाल लावतात. दस्ताची नक्कल कितीही वाचनीय असली तरी कज्जा चालतो तो मूळ कागदावर, हे आपल्यातल्या वकीलमंडळींना समजावून सांगायला नको. जुन्या वाळक्या पानातून आता बुरशीची आनुवंशिक ओळखही तपासता येते. त्या पानाचा असा उपयोग होईल हे ते गोळा करणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्याने चिठ्ठी मात्र बिनचूक लिहिली होती.

आजरेकर ही निरीक्षणे करीत होते तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते, आणि पुणे इंग्रजांच्या. वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूला मात्र ती सरहद्द कधीच ठाऊक नव्हती. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झाले, आपल्याकडे अंबाजोगाईला संशोधन केंद्र आहे, आणि ते जुने अंतर पुष्कळ कमी झाले आहे. तरी आपल्या जिल्ह्यातील कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या पिकावर कोणती बुरशी पडली, ह्याची नोंद शेतकऱ्याच्या आठवणीत राहते आणि त्याच्याबरोबरच जाते.

म्हणून शेवटी आमची एक सूचना आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांत आणि मोठ्या शाळांत विज्ञानाचे शिक्षक आहेत, आणि प्रत्येक वर्गात शेतकऱ्यांची मुले आहेत. प्रत्येक मुलाने वर्षातून आपल्या रानातले एक रोगट पान किंवा कणीस आणावे, ते जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवावे, पुडीत घालून वर गाव, पीक आणि तारीख लिहावी. काणीचा आणि चिकट्याचा नमुना तेवढा बियाण्यापासून दूर ठेवावा. ओळख पटवायला परभणीचे किंवा पुण्याचे जाणकार मदत करतील. दहा वर्षांत एका कपाटाचा खर्च येईल, आणि ह्या जिल्ह्याच्या पिकांचा इतिहास त्या कपाटात साठेल. पुढे एखादी नवी काणी किंवा नवी मर आली, तर ती खरोखरच नवी आहे की आपल्या आजोबांच्या वेळचीच आहे, हे त्या पुड्या सांगू शकतील. पाहावे, जपावे आणि नोंदावे, हेच काम आजरेकरांनी केले, आणि ते पुढे चालवण्यास फार पैसा लागत नाही.